टाकी कोणाची, पाणी कोणाचे?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते भूजल क्षेत्रातून निवृत्त झाले असून २००८ ते २०११ या काळात संस्थेचे सचिव होते.)



रौप्यमहोत्सवात बोलायला उभं राहिलेल्या माणसाने गोड बोलावं असा आपल्याकडे रिवाज आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथे कसं रान होतं, पहिल्या गणपतीला वर्गणी किती जमली, लिफ्ट कितीदा बंद पडली. ते सगळं मागच्या रविवारी आपल्या माजी अध्यक्षांनी फार सुंदर सांगितलं. मला समितीने विषय दिला तो ‘पाणी’. चाळीसएक वर्षं जमिनीखालचं पाणी शोधण्यात गेली, तेव्हा विषय रास्तच होता. पण मी आज पाण्याबरोबर एका लोखंडी टाकीबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी निम्म्यांना ती टाकी माहीत आहे. उरलेले निम्मे ज्या पेव्हर ब्लॉकवर गाडी लावत होते, त्याच्या खाली ती होती.

आधी जरा लांबून सुरुवात करतो. म्हणजे अगदी न्यूयॉर्कहून.

२००९ ची दिवाळी मी आणि आमच्या सौभाग्यवती धाकट्या मुलीकडे होतो. ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. त्या शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या डोंगरातल्या जलाशयांतून येतं. लोक नळाला पेला लावून सरळ पितात. पण क्वीन्सच्या आग्नेय भागात शहराच्या मालकीच्या विहिरीही आहेत. पूर्वी त्या जमैका वॉटर सप्लाय नावाच्या खासगी कंपनीच्या होत्या, १९९६ साली शहराने विकत घेतल्या. त्या बेटाची जमीन म्हणजे हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि खडी. आमच्या धंद्यातल्या माणसाला अशी जमीन पाहिली की तोंडाला पाणी सुटतं, कारण पाणी तिच्यात मुरतंही पटकन आणि चालतंही पटकन. पण जे पाण्याबरोबर मुरतं तेही चालतं.

लक्ष्मीपूजन होऊन दोन दिवस झाले असतील. मुलीने सकाळी बातमी दाखवली, ‘बाबा, तुमच्या कामाची आहे.’ १९ ऑक्टोबर २००९. न्यूयॉर्क शहराने एक्झॉन मोबिल या कंपनीवर लावलेल्या दाव्यात ज्यूरीने शहराला दहा कोटी सेहेचाळीस लाख नव्वद हजार डॉलर भरपाई मंजूर केली होती. खटला अकरा आठवडे चालला होता.

प्रकरण काय होतं? पेट्रोल नीट जळावं, धूर कमी व्हावा म्हणून त्यात ऑक्सिजन असलेला एक पदार्थ मिसळत. नाव एमटीबीई. हवेसाठी बरा, पण पाण्यासाठी वाईट. पेट्रोलमधले बाकीचे घटक पाण्यात फारसे विरघळत नाहीत, मातीला चिकटतात, वाटेत जंतू त्यांना थोडे खातात. एमटीबीई पाण्यात चटकन विरघळतो, मातीला धरून राहत नाही, आणि सहजासहजी कुजत नाही. पाणी जिथे जाईल तिथे तो जातो. वर त्याची चव आणि वास, टर्पेंटाइनसारखा, अगदी थोड्या प्रमाणातही लागतो. न्यूयॉर्क राज्याची मर्यादा आहे अब्जभागात दहा भाग. हिशेब करून सांगतो. आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या चार टाक्या घ्या आणि त्यात मिळून त्याचा एक थेंब टाका, की साधारण ती मर्यादा गाठली.

हा पदार्थ जमिनीत गेला कसा? पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांतून आणि त्यांच्या पाइपांतून. जुन्या टाक्या साध्या पोलादाच्या. बाहेरून ओल्या मातीने गंजत, आतून तळाशी साचलेल्या पाण्याने गंजत. टाचणीएवढं भोक पुरतं. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला सव्वाचार लिटर होतात आणि वर्षाला दीड हजार. आणि वर उभ्या असलेल्या माणसाला काही म्हणजे काही दिसत नाही.

अमेरिकेत हा रोग इतका पसरला की १९८४ साली तिथल्या संसदेने जमिनीखालच्या टाक्यांसाठी वेगळा कायदा केला. १९८६ साली इंधनाच्या दर गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून निधी उभारला. मालक सापडत नसेल किंवा कफल्लक असेल तर त्या निधीतून सफाई करायची, आणि मालक सापडला की त्याच्याकडून वसूल करायची. पंपवाल्याने एका गळतीमागे दहा लाख डॉलर भरण्याची ऐपत, विम्याने का होईना, आधीच दाखवून ठेवायची. जुन्या टाक्या बदला, सुधारा किंवा बंद करा यासाठी १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत दिली. तरीही पाच लाखांहून जास्त गळत्या त्या देशात नोंदल्या गेल्या.

मग एखाद्या शहराने काय करायचं? कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला १९९६ साली आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचं जवळजवळ निम्मं पाणी गेलं. एका रात्रीत दुसऱ्याकडून पाणी विकत घ्यायची वेळ आली. पुढे त्यांनी तेल कंपन्यांवर दावे लावले, तडजोडी झाल्या, त्या पैशांतून शुद्धीकरण यंत्रणा उभी राहिली. विहिरी पुन्हा सुरू व्हायला जवळपास पंधरा वर्षं लागली. म्हणजे पहिलीत गेलेलं मूल पदवीला पोहोचलं तेव्हा विहीर सुरू झाली.

न्यूयॉर्कने २००३ मध्ये अनेक कंपन्यांवर दावा लावला. बाकीच्यांनी तडजोड केली, एक्झॉन लढली. त्यांचे मुद्दे ऐका, कारण तेच मुद्दे मी पुढे आपल्याच पार्किंगमध्ये ऐकले.

पहिला मुद्दा, या विहिरी तुम्ही वापरतच नाही. खरं होतं. ‘स्टेशन सहा’ नावाच्या त्या विहिरी बंद होत्या, शहराला त्या दुष्काळासाठी आणि मोठ्या जलवाहिन्यांच्या दुरुस्तीच्या दिवसांसाठी हव्या होत्या. ज्यूरीला विचारलं गेलं, की शहर खरोखर प्रामाणिकपणे या विहिरी पुढे वापरणार आहे का? ज्यूरी म्हणाली, हो. मग विचारलं गेलं, तेव्हा त्यांत एमटीबीई असेल का? ज्यूरी म्हणाली, असेल, आणि २०३३ साली तो सर्वांत जास्त, दहापर्यंत पोहोचेल. म्हणजे २००९ साली बसून चोवीस वर्षांनंतरच्या पाण्याचा निवाडा झाला. जमिनीखालचं पाणी सावकाश चालतं, तसा त्याचा निवाडाही लांब नजरेने करावा लागतो.

दुसरा मुद्दा, सरकारनेच आम्हाला मिसळायला सांगितलं. न्यायालय म्हणालं, कायद्याने ऑक्सिजन मागितला होता, एमटीबीईच घाला असं म्हटलं नव्हतं.

तिसरा मुद्दा, एकटे आम्हीच का? आणि इथे मला ज्यूरीचं फार कौतुक वाटलं. त्यांनी एकूण नुकसान धरलं पंचवीस कोटी पाच लाख डॉलर. त्यातून सात कोटी वजा केले, कारण विहिरींत आधीपासूनच दुसरं प्रदूषण होतं आणि ते काढायचा खर्च तसाही आला असता. उरले अठरा कोटी पाच लाख. त्यातला ४२ टक्के दोष इतर कंपन्यांचा, तो वजा. उरलेला ५८ टक्के म्हणजेच दहा कोटी सेहेचाळीस लाख नव्वद हजार. आपल्या सोसायटीच्या हिशेब तपासनीसांनी पाठ थोपटावी असा हिशेब.

चौथा मुद्दा कंपनीला जड गेला. त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने १९८४ साली कागदावर लिहून ठेवलं होतं, की हा पदार्थ पाण्यात जास्त दूर जाईल आणि चवीला लवकर कळेल. म्हणजे कंपनीला ठाऊक होतं. ज्यूरीने निष्काळजीपणा धरला, उपद्रव धरला, आणि धोक्याची सूचना न दिल्याचा दोषही धरला. २०१३ साली वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. अकरा वर्षं लागली.

मी मुलीला तेव्हा ऐटीत म्हणालो होतो, ‘बघ, माहीत असून गप्प बसणं, हाच खरा गुन्हा.’

हे वाक्य लक्षात ठेवा. आता आपण नाशिकला परत येऊ.

तुम्हाला भारनियमनाचे दिवस आठवतात. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, दहावीच्या मुलांचे मेणबत्तीतले अभ्यास. म्हणून आपल्या संस्थेने जनरेटर घेतला. त्याच्या डिझेलसाठी सी विंगच्या मागे, जमिनीखाली, नऊशे नव्वद लिटरची टाकी पुरली. मुरूम खणला, टाकी ठेवली, वर माती लोटली. ना टाकीला कसला लेप, ना भोवती काँक्रीटचा हौद. मी तिथे उभा होतो. मी भूजलाचा माणूस, आणि मी त्या दिवशी चहा पीत होतो.

आपले वॉचमनमामा दर रविवारी टाकीत पट्टी बुडवून वहीत आकडा लिहायचे. सचिव म्हणून महिन्याला मी सही करायचो. अमेरिकेहून परत आलो आणि जानेवारी २०१० ची वही समोर आली. आणलेलं डिझेल, जनरेटर चाललेले तास आणि पट्टीचा आकडा यांचा मेळ बसेना. तेवीस लिटर कमी. मामा म्हणाले, ‘साहेब, मी चोरलं नाही हो.’ मी म्हणालो, ‘तुम्हाला कोण म्हणतंय?’ आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘बाष्पीभवन’.

मंडळी, बंद टाकीतल्या डिझेलचं थंडीच्या महिन्यात तेवीस लिटर बाष्पीभवन होत नाही. हे दहावीच्या मुलालाही कळेल, मला तर कळायलाच हवं होतं. पण टाकी उकरायची म्हणजे पार्किंग बंद, खर्च, सभा, भांडणं. माझी मुदत वर्षभराची उरली होती. पुढच्या वर्षभरात तो शब्द मी आणखी सहा वेळा लिहिला. तीन महिन्यांपूर्वी मी क्वीन्समध्ये काय बोललो होतो ते मला आठवत नव्हतं असं नाही, आठवत होतं.

पुढे भारनियमन संपलं. २०१४ मध्ये जनरेटर विकला. टाकी वर काढायला पैसे लागले असते, म्हणून झाकण लावून वर पेव्हर ब्लॉक बसवले. टाकी विसरली गेली.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मागच्या वाडीतल्या आजी आल्या. आपली संस्था उभी राहण्याआधीपासून त्यांचं घर तिथे आहे. दगडी बांधणीची विहीर आहे. २००३-०४ च्या टंचाईत आपल्या चार विंगांनी त्या विहिरीचं पाणी हंड्या-हंड्याने नेलं होतं, ते काही जणांना आठवत असेल. आजी म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही पाण्यातलं शिकलेले. विहिरीला रॉकेलचा वास येतोय, जरा बघाल का?’

मी गेलो. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता.

सोसायटीत चर्चा सुरू झाली. सगळ्यांचं बोट रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपाकडे. एकाने तक्रारीचा मसुदाही केला. पण पंप उताराच्या खालच्या अंगाला आहे, विहीर वरच्या. पाणी चढण चढत नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला एकच गोष्ट होती, आपली सी विंग. आपल्या नाशिकच्या काळ्या पाषाणात पाणी क्वीन्सच्या वाळूसारखं पसरून चालत नाही, ते झिजलेल्या मुरमातून आणि भेगांतून वाट काढतं. ती वाट कुठे वळेल सांगणं कठीण. पण ती खालीच जाते.

त्या रात्री मी ऑफिसच्या कपाटातून जुनी वही काढली. माझ्या अक्षरात सात वेळा ‘बाष्पीभवन’. घरी येऊन सौभाग्यवतींना दाखवली. त्या म्हणाल्या, ‘फाडून टाकायची असती तर तुम्ही मला दाखवली नसती. सकाळी समितीला द्या.’

दिली. आतली वाफ आधी काढून, जाणकार माणसांकडून टाकी वर घेतली. तळाला भोकं होती, सगळ्यांत मोठं तांदळाच्या दाण्याएवढं. खालचा मुरूम काळा आणि तेलकट. तो खणून घातक कचरा हाताळणाऱ्या परवानाधारकांकडे पाठवला. विहिरीवरचा तवंग काढला, महिनोन्‌महिने पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून नेलं, दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत नमुना.

मग आली ती सर्वसाधारण सभा. आठवते ना? मला तर प्रत्येक वाक्य आठवतं. ‘ती विहीर पिण्याला वापरतच नाहीत आता, नळ आहे त्यांना.’ ‘पालिकेने जनरेटर लावू दिला कसा?’ ‘टाकी बिल्डरच्या ओळखीच्या माणसाने पुरली, त्याला धरा.’ ‘आम्ही २०१८ मध्ये फ्लॅट घेतला, आमचा काय संबंध?’ मी मागच्या रांगेत बसून हसलो, आणि बाजूच्यांना वाटलं याला काही लाज नाही. हसलो यासाठी, की एक्झॉनच्या वकिलांनी लाखो डॉलर घेऊन जे मुद्दे काढले, ते आपण चहा-बिस्किटांवर अर्ध्या तासात काढले होते!

मी तेव्हा सांगितलं ते आज लिहून ठेवण्यासाठी पुन्हा सांगतो. ‘प्रदूषण करेल तो भरेल’ हे तत्त्व परदेशापुरतं नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावाच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्यावर १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावलं. खर्चाचा आकडा सदतीस कोटींवर गेला, आणि कारखानदारांच्या अर्जांवर अर्ज होत २०११ उजाडलं. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यातही हे तत्त्व स्पष्ट लिहिलेलं आहे. पण न्यूयॉर्ककडे वकील होते, तज्ज्ञ होते, अकरा वर्षं थांबायची ताकद होती. आजींकडे काय होतं? त्यांच्याकडे पुरावा म्हणून फक्त आपली वही होती, आणि ती आपल्या कपाटात होती. त्यांनी एका रुपयाची मागणी केली नाही, कारण रुपया मागता येतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

ठराव झाला. अठ्ठेचाळीस सदनिका, प्रत्येकी नऊ हजार रुपये. मी माझ्या सह्यांपोटी वेगळी रक्कम दिली, किती ते सांगण्यात अर्थ नाही. सी विंगमधल्या एका तरुण सभासदाने, ज्याने ‘आमचा काय संबंध’ विचारलं होतं, त्यानेच पहिला चेक दिला. तो म्हणाला, ‘काका, फ्लॅट घेताना गच्ची, पार्किंग, बाग सगळ्यात हिस्सा घेतला. मग टाकीतही असणारच.’ मला वाटतं पंचवीस वर्षांत आपल्या संस्थेत सहकार या शब्दाचा इतका सोपा अर्थ कोणी सांगितला नव्हता.

आज परिस्थिती अशी. तवंग गेला. गेल्या दिवाळीपासून वास नाही. शेवटचे दोन नमुने चांगले आले, पण पावसाळ्यात पाणी वर चढलं की मुरमात अडकलेलं तेल पुन्हा सुटू शकतं. त्यामुळे विहीर पिण्यासाठी खुली झाली असं मी अजून म्हणणार नाही. आणखी दोन पावसाळे जाऊ द्या.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, नमुन्यांचा खर्च पुढच्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकात धरा. समित्या बदलतात, तो खर्च गळू देऊ नका. दुसरी, जमिनीखाली आपलं काय काय पुरलेलं आहे, जुन्या ड्रेनेजची टाकी, बंद बोअर, केबल, त्याचा एक नकाशा करून ऑफिसच्या भिंतीवर लावा. जे भिंतीवर आहे ते विसरलं जात नाही.

आणि ती वही. समितीने विचारलं, या स्मरणिकेत वहीचा फोटो छापायचा का? मी हो म्हटलं. पुढच्या पानावर आहे. अक्षर माझंच.

गेल्या महिन्यात आजींना रौप्यमहोत्सवाचं आमंत्रण द्यायला गेलो होतो. त्यांनी विहिरीतून पोहरा काढला, ओंजळीत पाणी घेतलं आणि नाकाशी धरलं. मग मला म्हणाल्या, ‘वास नाही हो भाऊ.’ मी म्हणालो, ‘आजी, अजून प्यायचं नाही.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सांगाल तेव्हा पिईन.’

त्यांचा माझ्यावर अजून विश्वास आहे, मंडळी. तो फेडायला दोन पावसाळे आहेत.